कंट्रोलर हातात बसतो म्हणजे नक्की काय होतं

बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर घ्यायला आलेलं पोरगं बहुतेक दोनच गोष्टी विचारतं: कितीला, आणि आमच्या पीसीला चालेल काय. खोका उघडून, कंट्रोलर दोन्ही हातांत धरून, दोन मिनिटं अंगठे फिरवून बघणारं गिऱ्हाईक विरळाच. ऑनलाइन मागवणाऱ्याला तर ती सोयही नाही. मग काही आठवड्यांनी अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो. "आई, अंगठा दुखायलाय," म्हटलं की घरातून उत्तर ठरलेलं: "खेळ की अजून रात्रभर!" आईचं फारसं चुकत नाही. पण तेवढाच वेळ खेळणारा शेजारचा पोरगा ठणठणीत असतो, त्याचं काय? ते समजायचं तर आधी हाताकडे बघावं लागतं, कंट्रोलरकडे नंतर.

जॉन नेपियर या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञानं १९५६ साली माणसाच्या पकडीची एक सोपी विभागणी मांडली. पहिली जोराची पकड: वस्तू तळहातात, चार बोटांचा वेढा आणि वरून अंगठ्याचा दाब. कोयता, हातोडी, गाडीचं हँडल आपण असं धरतो. दुसरी नेमकी पकड: वस्तू अंगठा आणि बोटांच्या टोकांत सांभाळलेली. सुई, पेन, चिमटीतली रांगोळी. बहुतेक कामांत या दोन पकडी आपसांत वाटणी करून घेतात. भांगलण करणारी बाई एका हातानं खुरप्याची मूठ आवळते आणि दुसऱ्या हातानं तण उपटते. मूठ धरलेल्या हाताला तण वेचायला कुणी सांगत नाही.

कंट्रोलर सांगतो. दोन्ही हातांना, दोन्ही कामं, एकाच वेळी. मधलं बोट, अनामिका, करंगळी आणि तळहात यांनी वस्तू धरायची. त्याच हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं ती चालवायची, तीही इतकी नेमकी की अंगठा जरासा जास्त सरकला तरी नेम हुकावा. ही वाटणी ज्यात नीट होते, तो कंट्रोलर हातात बसतो. खालची तीन बोटं आणि तळहात एवढ्यांवर तो तोलून राहिला तर अंगठा मोकळा राहतो. नाही राहिला, तर अंगठ्याला आणि तर्जनीला धरायच्या कामातही मदतीला यावं लागतं. दुखणं सुरू होतं ते इथून.

कारण सरळ आहे. हलणारा स्नायू आवळतो आणि सैल होतो. सैल झाला की त्यात रक्त मोकळेपणानं येतं. सतत आवळून ठेवलेल्या स्नायूत ही ये-जा मंदावते आणि तो लवकर थकतो. म्हणून बटणं दाबून जेवढा हात शिणत नाही, तेवढा कित्येकदा नुसता घट्ट धरून शिणतो. त्यातून गेम रंगात आला, शेवटचे दोघंतिघं उरले, की आपण कंट्रोलर गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोरानं आवळतो, आणि तेव्हा ते लक्षातही येत नाही.

याची परीक्षा दुकानातच घेता येते, पैसे लागत नाहीत. कंट्रोलर नेहमीसारखा धरा आणि दोन्ही अंगठे, दोन्ही तर्जन्या हवेत सोडा. उरलेल्या बोटांवर तो न घसरता, न कलंडता राहायला हवा, आणि त्यासाठी आवळावं लागता कामा नये. पुढं कलंडत असेल तर त्याचं वजन तळहाताच्या बाहेर आहे. घसरत असेल तर मूठ तुमच्या बोटांना बारीक तरी आहे किंवा गुळगुळीत तरी.

आता आकार कसे बदलत गेले ते या नजरेनं बघितलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोई यांनी १९८२ च्या सुमारास हातातल्या छोट्या खेळासाठी अधिकच्या चिन्हासारखं दिशांचं बटण बनवलं, आणि १९८३ मध्ये जपानात आलेल्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्राच्या कंट्रोलरवर ते आलं. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात गल्लोगल्ली जो 'कॅसेटवाला व्हिडिओ गेम' होता, तो याचीच नक्कल. चपटा, आयताकृती, पातळ. त्यात खालच्या तीन बोटांना जागाच नव्हती. ती मागं दुमडून बसायची आणि कोपरे तळहातात रुतायचे. त्या नकलांवर 'टर्बो' नावाची जास्तीची बटणं असायची. एकदा दाबून धरलं की गोळ्या आपोआप सुटत राहायच्या. पोरं त्याला चीटिंग म्हणत, पण अंगठ्याच्या दृष्टीनं त्या अख्ख्या डब्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच होती.

१९९० च्या सुपर फॅमिकॉमनं कोपरे गोल केले आणि वरच्या कडेला दोन बटणं दिली, म्हणजे आजवर नुसत्या धरून बसलेल्या तर्जनीला काम मिळालं. खरा फरक पडला १९९४ च्या अखेरीस, सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनबरोबर. तेइयू गोतो यांच्या डिझाइनमध्ये कंट्रोलरला खाली दोन मुठी फुटल्या. आज ते इतकं सवयीचं झालंय की वेगळं वाटत नाही, पण त्या मुठींनी एका दमात तीन कामं केली. बिनकामाच्या तीन बोटांना गुंडाळायला काहीतरी मिळालं. वजन तळहाताजवळ आलं. आणि मनगट सरळ झालं, कारण अरुंद चपटी वस्तू दोन्ही हातांनी जवळ धरली की दोन्ही मनगटं करंगळीच्या बाजूला वाकतात; तिरप्या मुठी हा वाक कमी करतात.

मुठी आल्या म्हणजे सगळं सुटलं असं मात्र नाही. निन्टेन्डोच्या १९९६ च्या यंत्राचा कंट्रोलर तीन मुठींचा होता आणि कांडी, म्हणजे अंगठ्यानं हव्या त्या दिशेला ढकलायची छोटी दांडी, मधोमध. त्यावरच्या एका पार्टी-गेममध्ये ती कांडी जमेल तितक्या वेगानं गरागरा फिरवायची असे. अंगठ्यानं तेवढा वेग येईना, म्हणून पोरं तळहात कांडीवर दाबून फिरवू लागली. तळहाताला फोड आले, कातडी सोलली. प्रकरण न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेलं आणि २००० साली कंपनीनं तो गेम घेतलेल्यांना हातमोजे द्यायचं कबूल केलं. यात कंट्रोलरचा दोष किती आणि गेमचा किती? माझ्या मते बराचसा गेमचा. ज्या कामासाठी कांडी बनलीच नव्हती, ते काम गेमनं सांगितलं आणि हातानं स्वतःचा मार्ग काढला. वस्तूचा आकार एकटा काही ठरवत नाही. तिच्याकडून काय करवून घेता हेही तेवढंच मोजलं जातं.

मापाचा धडा मायक्रोसॉफ्टला मिळाला. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर इतका मोठा होता की 'ड्यूक' हे टोपणनाव त्याला चिकटलं. जपानी बाजारासाठी लहान आवृत्ती काढली, आणि ती इतर देशांतही लोकांना इतकी पटली की मोठ्याची जागा तिनंच घेतली. पाश्चात्त्य देशांतल्या मोजमापांत प्रौढ पुरुषाचा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण १९ सेंमी आणि बाईचा साधारण १७ सेंमी भरतो. दोन सेंमी म्हणजे अंगठा बटणापर्यंत सहज पोचणं आणि पोचण्यासाठी पकड सोडावी लागणं, एवढा फरक. २०२० च्या एक्सबॉक्स कंट्रोलरचा आकार लहान मुलांचे हातही धरून थोडा आटोपशीर केला गेला, तो याच कारणानं. घरात एकच कंट्रोलर थोरला आणि धाकटी दोघं वापरत असतील, तर तो धाकटीच्या हाताच्या मापाचा घ्यावा. मोठा हात लहान कंट्रोलरला जुळवून घेतो. लहान हाताला मोठ्याशी तसं जमत नाही.

आता तो न संपणारा वाद: दोन्ही कांड्या एका रेषेत बऱ्या, प्लेस्टेशनसारख्या, की डावी वर आणि उजवी खाली, एक्सबॉक्ससारखी? अंगठ्याचा मनगटाजवळचा सांधा खोगिराच्या आकाराचा असतो, त्यामुळे तो जवळपास सगळीकडे वळतो. पण आरामात असतो तो मधल्या स्थितीत, किंचित वाकलेला, तर्जनीच्या समोर. मूठ धरल्यावर अंगठा आपसूक जिथं टेकतो ती मोक्याची जागा. १९९४ च्या प्लेस्टेशनला कांड्याच नव्हत्या, म्हणून डावीकडची मोक्याची जागा दिशांच्या बटणांना गेली. १९९७ मध्ये कांड्या आल्या तेव्हा खाली उरलेल्या जागेत बसल्या, आणि तिथंच राहिल्या. एक्सबॉक्स आला तोवर चालायला डावी कांडी हे ठरून गेलं होतं, म्हणून तिला वरची जागा मिळाली. म्हणजे वाद दोन तत्त्वांचा नाहीच, आधी कोण आलं याचा आहे. आजच्या बहुतेक गेममध्ये डावा अंगठा सतत कांडीवर असतो, त्यामुळे कागदावर एक्सबॉक्सची मांडणी डाव्या अंगठ्याला सोपी. उजव्या अंगठ्याला दोन्हीकडे जवळपास सारखंच. लांब अंगठ्याच्या माणसाला हा फरक जाणवणारही नाही. ज्याचा हात लहान आहे त्यानं मात्र धरून बघावं आणि मित्रांचं ऐकू नये.

तर्जनीचं गणित थोडं वेगळं. मागच्या बाजूला प्रत्येक हाताला दोन बटणं: वरचं साधं, खालचं दाबत नेण्याचं. काही जण दोन्हींसाठी एकच तर्जनी वर-खाली करतात, काही जण मधलं बोटही वर नेऊन ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत वेग मिळतो, पण धरायला उरतात दोनच बोटं. अनामिका आणि करंगळीवर कंट्रोलर तोलणाऱ्याचा हात आधी का थकतो, ते आता सांगायला नको. महागड्या कंट्रोलरना मागं पाती, म्हणजे बोटांनी दाबायच्या चपट्या पट्ट्या, असतात. २०१५ च्या एक्सबॉक्स एलिटनं ती घरोघरी माहीत केली. उडी मारायला अंगठा कांडीवरून उचलावा लागत नाही, हा फायदा मोठाच. पण बघा, जी बोटं धरायला ठेवली होती त्यांनाच आता दाबायचंही काम दिलं. आवळून धरायची सवय असलेल्याच्या हातून ही पाती भलत्या वेळी दाबली जातात. चार पात्यांपैकी दोनच वापरा, असं मी सांगेन.

वजनाबद्दल लोक उगाच काळजी करतात. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर सुमारे २१० ग्रॅमचा होता, प्लेस्टेशन ५ चा सुमारे २८० ग्रॅमचा. हात मांडीवर टेकून खेळणाऱ्याला हे सत्तर ग्रॅम कळतही नाहीत. हात हवेत धरून खेळणाऱ्याला तासाभरात खांद्यात कळतात. उपाय कंट्रोलर बदलणं नव्हे. मांडीवर उशी नाहीतर लोड घ्यायचा आणि कोपरापासून पुढचा हात त्यावर टेकवायचा.

मुठीवरच्या मऊ रबरी थराबद्दल खानापूर भागातल्यांना वेगळं सांगायला हवं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते. तो मखमली वाटणारा थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या ओलाव्यानं तो हळूहळू विघटित होऊन चिकट होतो. वापरला नाही तरी होतो. दुकानात हाताला छान लागणारी ही गोष्ट आपल्या हवेत फार टिकत नाही. त्यापेक्षा बारीक खडबडीत केलेलं साधं प्लास्टिक घामातही धरतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं.

जुना कंट्रोलर घेणाऱ्यांनी कांडीवरची रबरी टोपी आधी बघावी. ती झिजून गुळगुळीत झाली की अंगठा घसरतो, आणि न घसरण्यासाठी आपण तो जास्त दाबतो. टोपी स्वस्तात बदलता येते. 'ड्रिफ्ट' मात्र आतला आजार. नेहमीच्या कांडीत एक सरकता संपर्क कार्बनच्या पट्टीवर घासत असतो. पट्टी झिजली की कांडी न हलवताच गेममधला माणूस चालू लागतो. आपण तो थांबवायला अंगठ्यानं उलट्या दिशेला सारखा हलका दाब देत राहतो, आणि परत तेच, न सुटणारा ताण. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट कांड्यांत घासणारी पट्टीच नसते, म्हणून नवा घेणाऱ्यानं त्यासाठी थोडे पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

पण हे सगळं कंट्रोलरवाल्यांचं झालं. आपल्याकडे खेळणारे बहुसंख्य मोबाईलवर खेळतात. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय आला, आणि टिळकवाडीच्या कट्ट्यापासून येळ्ळूरच्या पारापर्यंत माना पुन्हा खाली गेल्या. मोबाईल म्हणजे आठेक मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत, बिनमुठीची पट्टी. १९८३ च्या चपट्या डब्यापेक्षाही पातळ! करंगळ्या खालून फळीसारख्या लावायच्या, तर्जन्या वरून पंजाच्या नख्यांसारख्या वाकवायच्या, आणि अंगठे काचेवर घासायचे. धरणं आणि चालवणं यांची वाटणी इथं पार कोलमडते. शिवाय काचेला स्प्रिंग नाही, कडा नाही. बटण दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळत नाही, म्हणून आपण गरज नसताना जोर लावतो. खरं तर टचस्क्रीनला जोर शून्य लागतो. नुसता स्पर्श पुरे.

मोबाईलच्या दुकानात मिळणाऱ्या, बोटांना घालायच्या त्या काळ्या टोप्या निरुपयोगी नाहीत. घामामुळे होणारं घर्षण त्या कमी करतात. पण त्यांच्याहून कामाची वस्तू म्हणजे मोबाईल ज्यात बसवता येतो ती साधी प्लास्टिकची मुठींची चौकट. तीन बोटांना जागा मिळते आणि करंगळीची सुटका होते. ब्लूटूथ कंट्रोलर जोडावा असं वाटेल, पण बीजीएमआय तो अधिकृतपणे चालवून घेत नाही, आणि कंट्रोलरची बटणं पडद्यावरच्या बटणांशी जोडणारं मधलं मॅपिंगचं ॲप वापरलं तर खातं बंद होण्याची भीती असते.

फुकटातला उपाय सेटिंगमध्ये आहे, आणि नेमका तोच पोरं चुकवतात. यूट्यूबवरच्या खेळाडूचा कोड टाकून त्याचा लेआउट, म्हणजे बटणांची मांडणी, जसाच्या तसा घेतात. त्याचा हात वेगळा, मोबाईल वेगळा, काही जण तर टॅबवर खेळणारे. त्यापेक्षा मोबाईल नेहमीसारखा धरा, डोळे मिटा, अंगठे काचेवर सहज टेकवा. जिथं टेकले तिथं सर्वांत जास्त लागणारी बटणं आणा. सेन्सिटिव्हिटी (अंगठा जरा सरकला की गेममधली नजर किती फिरते ते) थोडी वाढवली की अंगठ्याला लांबवर ओढत न्यावं लागत नाही. कन्सोलवाल्यांनाही हेच लागू: प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हींत बटणांची अदलाबदल यंत्राच्या सेटिंगमधूनच करता येते, थरथर कमी किंवा बंद करता येते, आणि प्लेस्टेशन ५ मध्ये मागच्या बटणांचा विरोधही उतरवता येतो.

धरण्याचं काम पूर्णच काढून टाकलं तर काय, हा विचार करून २०१८ मध्ये एक्सबॉक्सचा ॲडाप्टिव्ह कंट्रोलर आला. टेबलावर किंवा मांडीवर ठेवायची सपाट पेटी, वर दोन मोठी गोल बटणं, आणि मागं १९ जॅक, ज्यांत पायानं, कोपरानं, हनुवटीनं चालवायची बटणं जोडता येतात. तो अपंग खेळाडूंसाठी बनवला आहे. आपल्या भागात तो सहज दिसत नाही, पण उद्यमबागेतल्या मशीनवर बोट गमावलेल्या माणसाला असं काही असतं हे कुणीतरी सांगायला हवं.

उद्यमबागेचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. फाउंड्रीत किंवा लेथवर आठ तासांची पाळी करून आलेला हात, वडगाव-शहापुरात मागावर बसलेला हात, निपाणीत दिवसभर विड्या वळलेला हात आणि कॉलेजात दोन लेक्चर लिहिलेला हात हे रात्री नऊला सारखे ताजे नसतात. शेजारच्या पोराचा अंगठा का दुखत नाही, याचं उत्तर कित्येकदा गेममध्ये नसून दिवसात असतं. अशा हातानं तासभर सलग खेळण्यापेक्षा दर सामन्यानंतर कंट्रोलर खाली ठेवावा, बोटं पूर्ण उघडावी, हात दोन मिनिटं मोकळे सोडावे. लॉबीत पुढच्या सामन्याची वाट बघतानाही तो हातात आवळून बसायचं काही कारण नाही.

दुखणी कोणती, तेही थोडं ओळखता यायला हवं. १९९० साली एका अमेरिकन डॉक्टरनं सलग काही तास निन्टेन्डो खेळून अंगठ्याची शीर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) दुखावलेल्या बाईची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात पत्र म्हणून लिहिली, आणि त्या दुखण्याला गमतीनं 'निन्टेन्डिनायटिस' हे नाव पडलं. आजार त्याआधीपासून आहेतच. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, अंगठा उचलणाऱ्या दोन शिरा एका अरुंद खोळीतून जातात. ती खोळ जाड झाली की चावी फिरवताना, तांब्या उचलताना तिथं कळ येते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. तान्हं बाळ सारखं उचलणाऱ्या आयांनाही ते होतं, त्यामुळे घरात पोरगा आणि वहिनी दोघं एकच तक्रार करत असतील तर नवल नाही.

मुंग्या येत असतील तर कोणत्या बोटांना येतात ते नीट बघून ठेवा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची त्याच बाजूची कड बधिर होत असेल, तर मनगटातून जाणाऱ्या मधल्या नसेवर दाब असू शकतो. मनगट वाकवून धरणाऱ्यांनी आधी ते सरळ करावं. करंगळी आणि तिच्या लगतची अनामिकेची कड बधिर होत असेल तर संशय कोपरावर घ्यावा. अंथरुणात पडून, कोपर घडी घालून मोबाईल तोंडासमोर धरणाऱ्यांना हे होतं, कारण त्या बाजूची नस कोपराच्या मागून जाते आणि वाकलेल्या कोपरात ताणली जाते. आठ-दहा दिवस खेळ थांबवूनही दुखणं किंवा मुंग्या कमी होत नसतील, रात्री झोपमोड होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, तर मलम चोळत बसू नये. हाडांच्या डॉक्टरांकडे जावं, आणि जाताना कंट्रोलर किंवा मोबाईल बरोबर न्यावा. तुम्ही तो कसा धरता हे त्यांना समोर दिसलं, की निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.